दुसरा द्रोण

टोपणाच्या काठाला नखाएवढा पोचा होता आणि नाना मघापासून त्यावरून अंगठा फिरवत होते — आतून, बाहेरून, पुन्हा आतून. थर्मासचं टोपण. उलटं केलं की त्याचाच पेला होतो. सकाळी आत ठेवलेलं संध्याकाळी तसंच्या तसं, वाफेसकट बाहेर येतं, असं बन्सीलालनं परवा आल्यापासून तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा नानांनी मान डोलावली होती. पण यात एवढं नवल कसलं ते त्यांना कळत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या आत एकवीस वर्षांपासून एक गोष्ट होती, ती अजून तोंड पोळेल इतकी गरम होती, आणि त्यासाठी त्यांना मुंबईहून कोणी काही आणून दिलं नव्हतं.

उद्या या थर्मासातून मोहाची दारू यायची होती.

म्हणजे तसं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे बन्सीलालनं ठरवलं होतं, जीवरामनं त्यात दुरुस्त्या सुचवल्या होत्या, आणि नानांच्या ओट्यावर, नानांच्या देखत, नानांच्याच नावावर तो बेत पास झाला होता — झुलाल आपल्याला घेऊन जाणार. तिघं एकेकाळी धुळ्यातल्या एकाच खोलीत राहून शिकलेले. बन्सीलाल धरणगावचा, तो वकील होऊन मुंबईला गेला. जीवराम पिंप्राळ्याचा, तो पुण्याला हेडमास्तर झाला. आणि झुलाल, म्हणजेच नाना, सोनगीरजवळच्या कापूसवाल्या घरातला, तो अबकारी खात्यात कारकून झाला आणि धुळ्यातच राहिला, कारण दारू इकडं होती. तीस वर्षं त्यानं दारूचा कस मोजला. स्टेशनमास्तर आयुष्यभर गाड्या सोडतो आणि स्वतः कुठं जात नाही, तसं. थेंब जिभेला लावला नाही. नोकरीचा हुकूम आला त्या दिवशी आईनं मळ्यातल्या विहिरीवर नेऊन हातावर पाणी सोडायला लावलं होतं, आणि गावात मात्र पोरगा सरकारात लागला एवढंच सांगितलं होतं. सरकारात कुठं, हे कोणी विचारलं की तिला ऐकू येत नसे.

आता नाना सत्तावन्न वर्षांचे होते, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, सन एकोणीसशे छत्तीसचा चैत्र चालू होता, आणि समोर बन्सीलाल लिफाफ्याच्या पाठीवर उद्याचा कार्यक्रम लिहीत होता. ‘निवांत’ हा शब्द त्यानं सगळ्यात वर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्याच्याखाली, तीनला उठणं. चारला मोटार. मोहाची फुलं पहाटे गळतात, ती गळताना पाहायची, म्हणून साक्रीला चहासाठी थांबायचं ते पाचच मिनिटं, आणि तेही उभ्यानं. पिंपळनेरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला, वडपाणी. तिथं दित्या कारभाऱ्याच्या अंगणात द्रोण. मग जेवण, मग झोप — इथं जीवरामची दुरुस्ती होती, अर्धा तास, डाव्या कुशीवर — आणि परतताना सोनगीरची तांब्यापितळेची भांडी. सोनगीर अगदी उलट अंगाला आहे, आग्र्याच्या रस्त्यावर, हे नानांनी काल दाखवून दिलं होतं. जीवराम म्हणाला होता, मोटार आहे ना. मोटार असली की गावं जागा बदलतात अशी त्याची समजूत दिसली. हेडमास्तराला कोण सांगणार.

वडपाणी. ते नाव लिफाफ्यावर शाईनं लिहिलेलं होतं आणि शाई वाळली होती.

आता सांगायला हवं, नाना स्वतःला म्हणाले. आता, हा लिहितोय तोवर. एक वाक्य आहे. मी ती दारू प्यालोच नाही… मग पुढची वाक्यं आपली आपण येतील, डबे इंजिनामागं येतात तशी.

“बन्सी,” ते म्हणाले, “ते पत्र आहे ना माझं —”

“आहे ना,” बन्सीलाल म्हणाला, आणि त्यानं खिशातून ते काढलंच.

घड्यांवर कागद इतका झिजला होता की उजेडाकडे धरल्यावर त्यातून पलीकडचा निंब दिसत होता. बन्सीलालनं चष्मा लावला नाही; त्याला पाठ होतं. मुंबईत त्याच्याकडे चार माणसं जमली की हे पत्र निघतं, हे नानांना ठाऊक होतं. कोणा न्यायाधीशाच्या घरीही एकदा निघालं होतं म्हणे. त्यानं वकिली आवाजात, स्वयंपाकघरापर्यंत जाईल असं वाचलं:

“‘आज मी दित्या कारभाऱ्याच्या अंगणात पळसाच्या द्रोणातून मोहाची प्यालो. एक नव्हे, दोन द्रोण. दुसरा मी मागून घेतला. दित्या मला भाऊ म्हणाला. बन्सी, आपण पुस्तकं वाचून जे शोधत होतो ते इथं अंगणात सांडलेलं आहे.’”

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. सुंदरबाईंच्या हाताखाली तो आवाज सहसा थांबत नसे. मग पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

“वहिनी,” बन्सीलाल आत बघून म्हणाला, “अशा माणसाला तुम्ही ताकावर ठेवलंत.”

दुसरा मी मागून घेतला. एवढं मात्र खरं होतं. नानांना नेहमी त्या वाक्याशी आलं की थोडं बरं वाटे आणि लगेच त्याच्या दुप्पट वाईट वाटे… कारण अंगण तर होतंच. टांग्याचा आस मोडला होता, पाच मैल चालत ते त्या गावात शिरले, खांद्याला खात्याची पिशवी, आणि दित्याच्या अंगणात माणसं गोल बसलेली. त्याच्या मुलीची सोयरीक पक्की होत होती. तिथं दोन्ही घरची माणसं एका मडक्यातली दारू प्यायल्याशिवाय सोयरीक पक्की होत नाही. आपल्याकडे अक्षता, तशी ती. वाट चुकून आलेला माणूस म्हणजे शकुन, म्हणून पहिला द्रोण त्याला. दित्यानं स्वतः भरून दिला, आणि ओठाला लावण्याआधी जमिनीवर दोन थेंब सांडायचे, मेलेल्या माणसांसाठी, हेही हातानं करून दाखवलं. पाहुणा कोणत्या खात्यातला, हे त्यानं विचारलं नाही. पाहुण्याला खातं नसतं.

द्रोण हातात आला. नको म्हणावं तर शकुन मोडतो. प्यावं तर विहिरीवर हातावर सोडलेलं पाणी. पंचवीस माणसं तोंडाकडे बघत होती, त्यांत घुंगट ओढलेली ती मुलगी, आणि आयुष्यात दारू हातात आल्यावर एकच काम केलेला माझा हात… मी नाही, हातानं पिशवी उघडली. हातानं यंत्र काढलं — उभी काचेची नळी, तीत सोडायचा पितळी गोळा, गोळ्याच्या डोक्यावर आकडे कोरलेली दांडी — आणि द्रोण नळीत ओतला.

एका द्रोणानं नळी भरली नाही. म्हणून त्यांनी दुसरा मागितला.

दित्याला इतका आनंद झाला. त्यानं सगळ्यांना ओरडून सांगितलं की पाहुणा अजून मागतो. मग गोळा नळीत डुलला, पोरं टाळ्या पिटत जवळ आली, बायका वाकून बघू लागल्या, आणि नाना — तेव्हाचा झुलाल, छत्तीस वर्षांचा — दांडीवरचा आकडा वाचून मोठ्यानं म्हणाला, अडतीस. दित्यानंही म्हटलं, अडतीस. सगळे म्हणाले. कशाचे अडतीस ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण चांगलंच काहीतरी असणार. मग नळी रिकामी करायची म्हणून त्यानं ती सगळी जमिनीवर ओतली, आणि दित्या खदखदा हसला, म्हणाला, या पाहुण्यानं आमच्या मेलेल्यांना एकट्यानंच पाजून टाकलं. त्या दिवशी मला कोणीतरी आपलं म्हणालं, हे खोटं नव्हतं.

आणि मुक्कामावर आल्यावर त्यानं फिरतीची डायरी भरली. जे मोजलं ते लिहायचं असतं. ‘वडपाणी, दित्या कारभारी याचे अंगणी, घरगुती गाळप, कस अडतीस.’ पकडून द्यायचं मनातही नव्हतं. मोजलेला आकडा कागदावर गेला नाही तर त्याला झोप येत नसे, एवढंच. मग तीच दौत, तोच टाक, बन्सीलालला पत्र. डायरीत खरं लिहिलं आणि पत्रात खोटं, आणि वाटोळं झालं ते खऱ्यानं. बाराव्या दिवशी साहेबानं डायरी वाचली. मडकी फुटली, सोयऱ्यांनी सोयरीक परत नेली, दित्याला तीन महिने धुळ्याच्या जेलात पाठवलं. कारकुनाच्या कागदावर शाबासकीचा शेरा पडला, साहेबाच्या हातचा, हिरव्या शाईत.

“तर काय म्हणत होतास पत्राचं?” बन्सीलालनं विचारलं.

“जपून ठेवलंस,” नाना म्हणाले.

मग सरळ सांगणं जमत नाही तर आडवळणानं अडवावं, असं ठरवून ते कामाला लागले. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कोणतंही काम होऊ न देण्याच्या चाळीस वाटा ठाऊक असतात. ते म्हणाले, ऊन फार आहे. म्हणून तर चारला निघायचं, बन्सीलाल म्हणाला. ते म्हणाले, घरी गाळलेली दारू कायद्यात बसत नाही, पकडलं तर तिघं म्हातारे चावडीवर बसू. कायदा माझ्याकडे सोपव, बन्सीलाल म्हणाला, आणि अबकारीचा माणूस बरोबर असताना पकडायला येणार कोण. ते म्हणाले, जीवरामच्या पोटाला मोह उष्ण पडेल. यावर जीवरामनं आपल्या पिशवीतून तीन पुड्या काढून ओळीनं मांडल्या आणि कोणती मोहाच्या आधी, कोणती नंतर आणि कोणती मोहाऐवजी, हे समजावून सांगितलं.

“आणि दित्या आता आहे की नाही कोणास ठाऊक,” नाना शेवटी म्हणाले. हे म्हणताना त्यांच्या आवाजात जी आशा आली ती त्यांना स्वतःला ऐकू आली, आणि ते दचकले… एका माणसाच्या मरणावर मी माझी सहल टाळायला बसलो आहे.

“कळेल संध्याकाळी,” बन्सीलाल म्हणाला. “भटूकडे निरोप दिलाय.”

भटू हा उद्याच्या मोटारीचा मालक आणि तोच तिचा ड्रायव्हर. रोज सकाळी पिंपळनेरला उतारू घेऊन जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. काल नाना अंघोळीला गेले असताना बन्सीलालनं त्याला गाठून सांगितलं होतं, वडपाणीपर्यंत जा, दित्या कारभारी जिवंत असेल तर म्हणावं, अबकारीतले झुलाल पाटील येताहेत, दोन मित्र घेऊन. अंघोळ. एवढा वेळ कधी लागत नाही मला अंघोळीला. काल का लागला.

आता निरोप गेलेला होता. मोटार या घटकेला साक्रीच्या पुढं धूळ उडवत असेल आणि भटूच्या तोंडात माझं नाव असेल, विडीबरोबर. नाना उठले, ओट्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले. काहीही करता येत नव्हतं, आणि हे एकदा नीट कळल्यावर त्यांना तहान लागली.

स्वयंपाकघरात सुंदरबाई उद्यासाठी दशम्या करत होत्या. लसणाची चटणी वाटून झाली होती, भरताची वांगी विस्तवात होती, आणि तिघा माणसांच्या एका जेवणासाठी त्यांनी सात माणसांचं सामान काढलं होतं. नानांनी माठातून पाणी घेतलं आणि उभ्यानंच प्याले. सुंदरबाईंनी वर बघितलं नाही. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती. नवरा दारू पीत नाही हे त्यांना त्याच्या सावलीइतकं ठाऊक होतं, आणि दारूच्या साहेबाची बायको म्हणून गल्लीनं त्यांना तीस वर्षं जे काही ऐकवलं, तेही त्यांनी याच एका गोष्टीच्या जोरावर ऐकून घेतलं होतं. आज त्याच घरात पाहुण्यानं मोठ्यानं वाचलं होतं, दोन द्रोण.

“ते पत्र,” नाना म्हणाले.

“तुम्ही पेत नहीत,” सुंदरबाई म्हणाल्या. “माले माहीत शे.”

“हो.”

“मंग काय शे ते?”

नानांनी तांब्या ठेवला. त्यांना वाटलं, हिला सांगावं. इथं, वांग्याच्या धुरात, हिला सांगणं सगळ्यात सोपं. पण हिला तरी काय सांगणार. मी प्यालो नाही, हे पुण्य तुला माहीत आहे; त्या पुण्यापायी मी काय केलं, ते माहीत नाही. प्यालो असतो तर त्या मुलीचं लग्न झालं असतं.

“आहे काहीतरी,” ते म्हणाले.

सुंदरबाईंनी चिमट्यानं वांगं उलटलं. “सांगानं व्हई ते आजच सांगी टाका,” त्या म्हणाल्या. “सकाय गाडीमा बसशात, मंग सांगता येत नही.”

इतकी साधी गोष्ट त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितली की नानांना रागच आला, आणि राग आल्यामुळे बाहेर जायला कारण मिळालं.

दुपार कलल्यावर जीवरामला नदीवर जायचं होतं, पोटासाठी. पांझरेच्या पात्रात पाणी थोडं होतं, वाळू पुष्कळ. बन्सीलाल घरी झोपला होता. उद्याच्या निवांतपणाची तयारी म्हणून. दोघं काठाकाठानं चालले, जीवराम पावलं मोजत. नानांना वाटलं, याला सांगावं. हा मास्तर आहे, पोरांच्या खोड्या ऐकत याचा जन्म गेला. हा छडी मारील आणि मोकळं करील. ते मनात वाक्य जुळवत होते — जीवराम, मी एक चूक केली — आणि ‘चूक’ म्हणावं की ‘गुन्हा’ म्हणावं यावर अडले होते, तेवढ्यात जीवरामचंच मोजणं थांबलं.

“एक सांगू का, झुलाल,” तो म्हणाला. “बन्सीसमोर सांगता येत नाही, तो त्याची गोष्ट करतो.”

त्यानं सांगितलं ते असं. बायको गेली त्या वर्षी बन्सीलाल पुण्याला आला होता आणि काय बोलावं ते न सुचून त्यानं ते पत्र वाचून दाखवलं. जीवरामला आधी संताप आला. मग रात्रभर तेच डोक्यात. आपण आयुष्यभर उकळलेलं पाणी प्यालो, कोणाच्या ताटात जेवलो नाही, कोणाच्या अंगणात बसलो नाही. बायकोलासुद्धा हे नको ते नको म्हणत राहिलो. बन्सी तर काय, फीशिवाय कोणाला रामराम करत नाही. पण तिघांत एक जण तरी असा निघाला, की परक्यानं हातात दिलं आणि तो प्याला. मोजलं नाही, विचारलं नाही.

“तेव्हा वाटलं, चला,” जीवराम म्हणाला, “तिघांत एक तरी जगला. उद्या मला तिथं बसायचंय, एवढंच. पोटाचं जे व्हायचं ते होईल.”

आणि एवढं बोलून लाज वाटल्यासारखा तो पुन्हा पावलं मोजू लागला. मात्र आकडा विसरला होता, त्यामुळे त्यानं एकपासून सुरुवात केली.

मोजलं नाही. त्यानं नेमका तोच शब्द वापरला… नाना वाळूकडे बघत चालत राहिले. म्हणजे आता ती गोष्ट माझी एकट्याची राहिलेली नव्हती. मी खोटं लिहिलं, आणि एक माणूस ते खोटं उशाशी घेऊन एवढी वर्षं झोपतो आहे. खरं सांगणं म्हणजे आता माझं ओझं उतरवणं नव्हतं, त्याच्या उशाखालचं काढून घेणं होतं. सकाळपासून ते भित्रेपणामुळे गप्प होते. आता त्यांना गप्प राहायला चांगलं कारण सापडलं होतं, आणि हे कारण इतकं सोयीचं होतं की त्यांना त्याचा संशय आला. आयुष्यभर त्यांनी बाटल्यांना नाक लावून भेसळ ओळखली होती. या कारणाला तसाच वास येत होता.

पण उद्या दित्या असेलच ना. मी सांगो न सांगो. अंगणात पाय ठेवल्याबरोबर तो सांगेल.

परत आले तेव्हा बन्सीलाल ओट्यावर बसून थर्मास विसळत होता आणि दिवेलागण होत आली होती. कंदील लागला. मग गल्लीच्या तोंडाशी मोटारीचा आवाज झाला, थांबला, आणि अंगभर साक्रीची धूळ घेऊन भटू पायऱ्या चढून आला. तो सुंदरबाईंनी दिलेलं पाणी प्याला, मग दुसरा तांब्या प्याला, आणि नाना त्याच्या कंठाकडे बघत उभे राहिले. तो वरखाली होत होता.

“नाना, म्हातारा जित्ता शे,” भटू म्हणाला.

दित्या होता. नजर अधू झाली होती, कान शाबूत होते. या म्हणाला. यंदा मोह चांगला गळतोय, पाहुण्यांना काही कमी पडणार नाही. पण झुलाल पाटील हे नाव काही त्याला ओळखीचं वाटलं नाही.

बन्सीलालनं थर्मास खाली ठेवला. “तुला भाऊ म्हणाला होता ना?”

“एकवीस वर्षं झाली,” नाना म्हणाले. आणि त्याच क्षणी त्यांच्या छातीतलं काहीतरी सुटलं. नाव आठवत नाही. नजर अधू. म्हणजे उद्या बसायचं, द्रोण घ्यायचा — आईही आता नव्हती, विहीरही आटली होती — आणि या खेपेला खरोखर प्यायचं, दोन्ही मित्रांच्या देखत, आणि एकवीस वर्षांचं पत्र मागाहून खरं करून टाकायचं. इतकं सोपं. त्यांना हसू यायला लागलं होतं.

“तो म्हने,” भटू पाय पुसत म्हणाला, “अबकारीवाला लई उनात नि लई गयात, कोना कोना नाव ध्यानमा ठेवू. एकच याद शे. ज्यानी दोनामाइन दारू काचमा वती दिधी.”

“काचेत?” जीवरामनं विचारलं.

“हां. पोरनी सोयरीक व्हती, पहिला दोना त्याले दिधा, नि त्यानी काचमा वती नि मोजी. तो आते मरी गया व्हई, म्हने.” भटूला हे सांगताना फारसं काही वाटत नव्हतं, दिवसभरात त्यानं असे पुष्कळ निरोप पोचवले असतील. त्यानं सहज विचारलं, “तुमनामा व्हता का कोनी आसा?”

कंदिलाची काच एका बाजूनं काळवंडली होती. सुंदरबाई दारात उभ्या होत्या. बन्सीलाल आणि जीवराम, दोघंही नानांकडे बघत होते, संशयानं नव्हे, कुतूहलानं, शाळेत कोणी नवीन गोष्ट सांगणार असलं की बघत तसे.

“होता एक,” नाना म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांना वाटलं नव्हतं इतकं नीट सांगता आलं. तो फिरतीचा कारकून होता. टांग्याचा आस मोडला म्हणून त्या गावात शिरला. त्याला प्यायचं नव्हतं आणि नाही म्हणायची छाती नव्हती. एका द्रोणानं नळी भरली नाही म्हणून त्यानं दुसरा मागून घेतला — इथं बन्सीलाल किंचित हलला — आणि म्हाताऱ्याला वाटलं, पाहुण्याला आवडली. मग त्यानं आकडा डायरीत लिहिला. मडकी, सोयरीक, तीन महिने, हिरवी शाई, सगळं. काही गाळलं नाही. एकवीस वर्षांत कोणालाही न सांगितलेलं सांगताना आवाज कापेल असं त्यांना वाटत आलं होतं. पण तो कापला नाही, कारण ते दुसऱ्याचं होतं. म्हातारा जेलात होता ते तीन महिने तो कारकून कचेरीला जाताना जेलच्या रस्त्यानं गेला नाही, असं ते म्हणाले. मैलभर वळसा घालून नदीकडून जायचा, आणि उशीर झाला की साहेबाला सांगायचा, पोट बिघडलंय.

“भेकड,” जीवराम म्हणाला. तोंड कडू झाल्यासारखा तो ओट्याच्या कडेला जाऊन थुंकून आला.

“भेकड खरा,” नाना म्हणाले, आणि म्हणताना त्यांना त्या माणसाविषयी तिटकारा आला, खराखुरा, निर्मळ तिटकारा, आणि त्याच्या पाठोपाठ थोडी दया, अशी की जी त्यांना स्वतःबद्दल कधी करता आली नव्हती. मेला असेल म्हणे. बिचारा. बातमी कळायला फार उशीर झाला, त्याच्या मागं कोणी दोन थेंबसुद्धा सांडले नाहीत.

भटू उद्या चारला येतो म्हणून निघाला, पण गोष्ट पुरी ऐकावी म्हणून पायरीवरच टेकला.

“त्या मुलीचं काय झालं पुढं?” जीवरामनं विचारलं.

“त्यानं कधी चौकशी केली नाही.”

“आणि हे त्यानं तुला केव्हा सांगितलं?” हे बन्सीलालनं विचारलं. वकिली आवाज नव्हता. अगदी हळू, मान खाली घालून. झिजलेलं पत्र त्याच्या खिशात होतं आणि हात खिशावर होता.

“त्यानं कोणालाच सांगितलं नाही,” नाना म्हणाले.

“मग तुला कसं ठाऊक?”

जीवरामनं आधी बन्सीलालकडे बघितलं, मग हळूच नानांकडे. मला वाटलं होतं, असं कधी झालं तर पायाखालची जमीन जाईल. पण जमीन तिथंच होती, शेणानं सारवलेली, आणि तीवर तीन म्हातारे, एक ड्रायव्हर आणि दारात एक बाई एकाच माणसाच्या तोंडाकडे बघत होती. भीती त्या माणसाची होती. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर, उगीच एका बाजूला, कोणीही न बोलावलेल्या पाहुण्यासारखा बसलो होतो, आणि नाना आता काय सांगतात ते ऐकायला मीही इतरांसारखाच थांबलो होतो.